रबर वितळलं नव्हतं: एका शिकारी दुर्बिणीचं प्रकरण

दुर्बीण आली ती वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून. मित्राचे वडील ती कोल्हापूरहून स्वतः घेऊन आले होते. वनखात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण अजून महिन्यातून एकदा तरी दाजीपूरच्या जंगलात जाऊन येतात. मी पुण्यात नोकरी सांभाळून हौसेखातर जुने कॅमेरे आणि दुर्बिणी साफ करतो. पैसे घेत नाही, त्यामुळे लोक बिनधास्त काहीही आणून देतात. काकांनी पुडकं टेबलावर ठेवलं. "रबर इरघळलंय बघ. हातात धरवत न्हाई. काचा चांगल्या हाईत. वरचं तेवढं काढ आन् नवं बसव."

सुतळी सोडली, कागद ओढला, तर तो सुटेना. जिथे सुटला तिथे ऊसदराच्या बातमीचा मथळा रबरावर उलटा उमटून राहिला. एवढी खराब अवस्था मी पूर्वी फार कमी वेळा पाहिली होती. आणि पहिले दोन दिवस मी तिचं निदानही चुकीचंच केलं, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

दुर्बीण ८×५६. म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ५६ मिलिमीटर. ५६ ला ८ ने भागलं की ७ येतात. तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत दुर्बिणीतून डोळ्याकडे येतो. काळोखात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. जर्मनी-ऑस्ट्रियाकडे रानडुकरासाठी उंच लाकडी मचाणावर बसतात, तेही दिवस मावळल्यावर किंवा चांदण्यात, आणि तिथल्या शिकाऱ्यांचं हे जुनं आवडतं माप. अशा दुर्बिणीवर जाड, बहुतेक वेळा हिरवं रबर असतं. ते शोभेचं नसतं. मचाणाच्या फळीवर किंवा बंदुकीच्या नळीवर दुर्बीण टेकली तर आवाज होऊ नये, कडाक्याच्या थंडीत धातू हाताला लागू नये, ओल्या हातमोज्यातून निसटू नये, यासाठी ते असतं.

काकांचे धाकटे भाऊ नव्वदच्या दशकात जर्मनीत नोकरीला होते, त्यांनी ही आणली. राधानगरी-दाजीपूरचं जंगल एके काळी कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तर देशभरच शिकारीवर कडक निर्बंध आले. शिकाऱ्याच्या हातासाठी घडवलेली ही दुर्बीण काकांच्या गळ्यात राहून गवे मोजत आली. साठीनंतर बाहुली सात मिलिमीटर उघडत नाही, तेव्हा त्यातला बराच प्रकाश आता डोळ्याबाहेरच सांडतो, असं मी काकांना सांगून बघितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच.

दोन्ही नळ्यांच्या बाहेरच्या अंगाला आणि पोटाखाली काळपट चिकट थर होता, अगदी काकवीसारखा. बोट लावून उचललं की तार सुटायची. बिजागरीजवळ, अंगठे टेकतात तिथे, रबर फुगून कडेनं उचललं होतं. पुढच्या भिंगांभोवतीच्या भागात चिकटपणा अजिबात नव्हता, पण तिथे पांढुरका भुरा थर चढला होता. काकांच्या मते ती बुरशी. दोन्ही आयकप, म्हणजे डोळ्याशी टेकणाऱ्या रबरी वाट्या, घडीच्या रेषेवर तडकलेले. फोकसच्या चाकावरच्या खाचा बोथट झालेल्या, त्यावर चक्क बोटांचे ठसे. चाक मात्र मोकळं फिरत होतं. आत टॉर्च मारून बघितलं, भिंगांवर बुरशीचा एक धागा नव्हता. दाजीपूरचा पाऊस झेललेल्या दुर्बिणीच्या बाबतीत हे नवलच.

मग डॉक्टर विचारतात तसं विचारायला बसलो. आतापर्यंत काय काय लावलंत?

"दिवाळीला दरसाल खोबरेल तेल. चामड्याला लावतो तसं. रबर मऊ ऱ्हातंय."

चिकट व्हायला लागल्यावर काकूंनी टाल्कम पावडर मारून बघितली होती. नातवानं एका कोपऱ्यावर पेट्रोल चोळलं, तेव्हा काकांनी त्याला हाकलून दिलं. ते बरं केलं. डास आणि जळवांसाठी भावानं परदेशातून आणलेला एक फवारा बरीच वर्षं वापरला होता, आणि तो हातावर मारून त्याच हातानं फोकस फिरवला होता. त्यानं चाकाच्या ठशांचा उलगडा झाला. असल्या फवाऱ्यांत जे डीट नावाचं रसायन असतं ते डासांना पळवतं आणि कित्येक प्लॅस्टिकं मऊ पाडतं. चष्म्याच्या प्लॅस्टिक काचा, घड्याळाचे पट्टे, दुर्बिणीची चाकं, सगळ्यांवर त्याच्या खुणा राहतात. त्या ठशांवर इलाज नाही. ते काकांच्याच बोटांचे आहेत, राहू देत म्हटलं.

"एरवी ठेवता कुठे?"

"पेटीत. तिच्याबरोबर आलेली पेटी हाय की."

"आणलीत का?"

"पेटी कशाला? घरी हाय."

इथे मी पुढे विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

माझा पहिला अंदाज

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना एक अनुभव असतोच. चांगले महागाचे बूट दोन-तीन वर्षं कपाटात जपून ठेवावेत, पाऊस संपल्यावर काढावेत आणि पहिल्याच चढाला तळवा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून हातात यावा. वापरलेले बूट टिकतात, जपलेले फुटतात, म्हणून लोक दुकानदाराला शिव्या घालतात. खरं कारण दमट हवा. तळव्यातलं पॉलियुरेथेन हे प्लॅस्टिक काही जातींत हवेतल्या पाण्यानंच तुटतं. त्याच्या रेणूंच्या लांब साखळीत जे एस्टरचे जोड असतात, ते पाणी एकेक करून सोडवतं. सुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढचे जोड आणखी भराभर सोडवतं. त्यामुळे वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही आणि मग एका पावसाळ्यात सगळा निकाल लागतो. ट्रिमरची मूठ, माउसच्या कडा, मोटारीतली बटणं, छत्रीची दांडी, जिथे जिथे ती हाताला मखमली लागणारी मऊ रंगाची परत असते, तिथे तिचा शेवट चिकट लगद्यात होतो तो याच रस्त्यानं.

मी दुर्बीण बघितली आणि मनात हाच शिक्का मारून टाकला. आवरण पॉलियुरेथेनचं असणार, ते आतून तुटतंय, तेव्हा त्याला बरं करणं वगैरे शक्य नाही. पूर्ण खरवडून धातू उघडा करायचा आणि वरून चामडं नाहीतर कापडी टेप लावायची. काकांना फोनवर तसं सांगूनही टाकलं. ते म्हणाले, "बघ बाबा, तुला ठावं."

खरवडायच्या आधी मात्र एक चाचणी मी नेहमी करतो, ती केली. पोटाखाली, कुणाच्या नजरेला येणार नाही अशी करंगळीच्या नखाएवढी जागा घेतली. आधी लहान मुलांच्या शाम्पूचं पाणी, कापसाच्या काडीवर. काहीच हललं नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. पहिली काडी काळी-तपकिरी झाली. दुसरी फिकट तपकिरी. तिसरी स्वच्छ.

तिसऱ्या काडीशी मी थबकलो. रबर हिरवं होतं. ते स्वतः विरघळत असतं तर काडीवर हिरवा रंग यायला हवा होता, आणि तो थांबायलाही नको होता; जितकं पुसावं तितकं येत राहतं. इथे काळं आलं आणि संपलं. खाली अगदी निरोगी, बिनचमकीचं हिरवं रबर होतं. त्यावरचे मूळचे बारीक दाणेसुद्धा शाबूत. नखानं दाबलं तर खळगा लगेच भरून आला.

तरी मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, वरची परत निघाली असेल, आतून पुन्हा येईल. ती जागा तशीच ठेवून दुर्बीण स्टीलच्या डब्यात बंद केली आणि दोन दिवसांनी उघडली. जागा कोरडी. आजूबाजूची काकवी तशीच.

मग ज्याकडे आधी बघायला हवं होतं त्याकडे बघितलं. चिकटपणाला आकार होता. नळीच्या बाहेरच्या बाजूला होता, आतल्या बाजूला, म्हणजे दोन नळ्या एकमेकींसमोर येतात तिथे, नव्हता. पोटाखाली होता, पाठीवर फक्त दोन पट्टे. रबर आपल्या आपण बिघडलं असतं तर ते असं निवडून बिघडलं नसतं. दुर्बीण कुशीवर कशात तरी रुतून झोपली असावी, तशी ती खूण होती.

मित्राच्या बायकोला फोन केला. "वहिनी, त्या पेटीच्या आतला एक फोटो पाठवता का?" फोटो आला. पेटीच्या आत दुर्बिणीच्या आकाराचा साचा कापलेला काळा फोम होता. म्हणजे एके काळी होता. आता तिथे पावसाळ्यातल्या गोठ्यासारखा चिखल होता.

लाज वाटायची गोष्ट अशी की जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या मागच्या झाकणाच्या खाचेत जी फोमची पट्टी असते ती अशीच डांबर होते, आणि ती मी आजवर कितीतरी कॅमेऱ्यांतून खरवडून काढली आहे. फोमही पॉलियुरेथेनच. बुटाच्या तळव्याला जे होतं तेच त्याला होतं, उलट लवकर होतं, कारण त्याचं सगळं अंगच पृष्ठभाग; प्रत्येक बुडबुड्याच्या पातळ भिंतीला दमट हवा दोन्हीकडून भिडते. त्यात पेटी माळ्यावर, झाकण बंद, चार महिने कोल्हापूरचा पाऊस. रोगी पेटी होती. दुर्बिणीच्या अंगावर नुसता तिचा घाम आला होता.

साफसफाई

अल्कोहोल तपकीर गल्लीतून आणलं. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तेच. तिथे 'आयपीए' म्हटलं की बाटली पुढे येते. त्यात साधारण तिसरा हिस्सा पाणी घातलं. शुद्ध अल्कोहोल इतकं भराभर उडतं की चिकटा सुटायच्या आधीच कापड कोरडं होतं. पाणी असलं की ते जागेवर थोडं टिकतं.

काचांवर झाकणं घातली आणि झाकणांच्या कडेनं, फक्त धातूवर, रंगारी वापरतात ती कागदी टेप लावली. जुन्या सुती बनियनचे तुकडे केले, भरपूर. या कामात सगळ्यात जास्त लागतं ते कापड, अल्कोहोल नाही. एकदा पुसलं की तुकड्याची ती बाजू संपली. तीच पुन्हा फिरवली तर आपण चिकटा काढत नाही, पसरवतो. द्रव कापडावर घ्यायचा, कापड पिळायचं, मग टेकवायचं. दुर्बिणीवर थेंबसुद्धा ओतायचा नाही, कारण तो बिजागरीतून किंवा फोकसच्या चाकाखालून आत गेला की आतलं ग्रीस पातळ करून भिंगावर आणून सोडतो. कापड एका जागी पंधरा-वीस सेकंद टेकवून धरायचं, मग एकाच दिशेनं ओढून घ्यायचं. घासाघीस नाही. खाचांसाठी उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळला.

ऊसदराचा मथळा सगळ्यात आधी गेला. टाल्कम पावडर चिकट्यात मुरून तिचे राखाडी गोळे झाले होते, त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. पावडरीनं हात लावता येतो, दोन दिवस बरं वाटतं, पण ती आत बसते आणि पुढचं काम दुप्पट करते. एका नळीला अडीच तास गेले, दुसरीला दोन. शेवटी शाम्पूच्या पाण्याचं पिळलेलं कापड, मग साध्या पाण्याचं, आणि रात्रभर पंख्याखाली. उन्हात नाही.

पेट्रोल का नाही, थिनर का नाही, असं मला नेहमी विचारतात. ते चिकटा काढतात यात शंकाच नाही. पण पेट्रोल रबरात शिरून त्याला फुगवतं, थिनर आणि ॲसिटोन रंग, प्लॅस्टिक आणि रबराखालचा डिंक तिन्ही खातात. अल्कोहोल त्यातल्या त्यात सोज्वळ. तेही भिजत ठेवलं तर रबरातली कामाची द्रव्यं ओढून घेतं, म्हणूनच पुसायचं आणि उडू द्यायचं.

काकांची बुरशी

भिंगांभोवतीच्या पांढऱ्या थरावर केस वाळवायचं यंत्र मंद गरम करून, हाताला सोसेल इतक्याच अंतरावरून धरलं. अर्ध्या मिनिटात पांढरेपणा दिसेनासा झाला आणि खालून गडद हिरवा रंग वर आला. बुरशी अशी जात नाही. ते मेण होतं.

रबर बनवताना त्यात मुद्दाम मेण घालतात. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि पातळ पडदा धरतं. हा पडदा ओझोनसाठी असतो. हवेत ओझोन अगदी थोडा, दहा कोटींत काही भाग इतकाच, पण गंधक घालून पक्क्या केलेल्या बऱ्याच रबरांच्या साखळ्यांत जे दुहेरी बंध उरतात त्यांच्यावर तो नेमका घाव घालतो. टायरच्या कडेला कधी कधी तपकिरी झाक दिसते, तीही अशीच ओझोनशी लढायला घातलेली द्रव्यं बाहेर आल्याची. म्हणजे दुर्बिणीवरचा पांढरा भुरा दिसायला वाईट, पण तो रबराचा स्वतःचा लेप आहे. सारखा चोळून काढला तर आत जेवढा साठा आहे तेवढाच; तो संपला की संपला.

मी तो काढला नाही. गरम हवेनं जिरवला तेवढाच. थंडीत परत येईल, हे काकांना सांगितलं. त्यांना गडद, चकचकीत हवं होतं. "टायरवाले मारत्यात तसलं कायतरी मार की." त्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असतं. दुर्बीण चमकते, हातातून सुळकन निसटते, तेच बोट काचेला लागलं की काचेवर तवंग चढतो, आणि पुढे कधी रबर चिकटवायची वेळ आली तर डिंक धरत नाही. यावर आमचं थोडं वाजलं. मी मारलं नाही.

खोबरेल

तीस दिवाळ्यांचं तेल हा वेगळाच प्रश्न होता. चामड्याला तेल लागतं, कारण चामडं कोरडं पडतं. रबर कोरडं पडत नाही. ते तेल पिऊन फुगतं. फुगलेलं रबर जागेवर मावत नाही, मग कडेनं उचलतं, आणि उचललेल्या फटीतून तेल खालच्या डिंकापर्यंत जातं. शिवाय खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं. कोल्हापूरच्या थंडीत ते खाचांमध्ये धुळीसकट घट्ट बसलं होतं आणि बिजागरीशी नाक नेलं की खवट वास यायचा.

वरचं अल्कोहोलनं गेलं, आत मुरलेलं जाईना. मुलतानी माती ही मुळात लोकरीच्या कापडातलं तेल शोषायला वापरली जाणारी माती आहे, ते आठवलं. पण तिचे कण बिजागरीत गेले तर घासून वाट लावतील. म्हणून कोरडी माती दुपदरी मलमलच्या पुरचुंडीत भरली, शेकायला करतो तशी, आणि ती फुगलेल्या भागावर सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधून ठेवली. दर दिवसाआड माती बदलली. पहिल्या पुरचुंडीवर स्पष्ट तेलकट डाग आला, दुसरीवरही आला, चौथीवर जेमतेम. कड आधी तीन मिलिमीटर उचललेली होती, दहा दिवसांनी एकाच्या आसपास आली. पूर्ण बसली नाही. इतकी वर्षं फुगलेलं रबर आपलं मूळ माप विसरतं.

इथे दोन चुका माझ्या. पहिल्या दिवशी, सगळं पॉलियुरेथेन समजून, मी याच कडेला अल्कोहोलचा बोळा बराच वेळ दाबून धरला होता. तेलानं आधीच कुजलेला डिंक त्यानं आणखी सुटला आणि उचललेली कड दोन सेंटिमीटर लांब झाली. दुसरी, रबरात खोदलेल्या ८×५६ या आकड्यांत पांढरा रंग भरलेला होता. तो चिकट्याबरोबर निघून गेला. अक्षरांवर आधी काडीनं चाचणी करायला हवी होती. आता बोट फिरवलं तर आकडा कळतो, दिसत नाही.

सुटलेली कड चांभाराकडच्या पिवळ्या सोल्युशननं चिकटवली. तेल निघाल्याशिवाय ते धरलंच नसतं, म्हणून हे शेवटी. दोन्ही बाजूंना पातळ हात, दहा मिनिटं थांबून बोटाला लागेनासं झाल्यावर दाबलं, वरून ट्यूबची पट्टी, एक रात्र.

आयकप

काका चष्मा लावतात. चष्मेवाला माणूस आयकप मागे दुमडून ठेवतो आणि वर्षानुवर्षं तसाच ठेवतो. दुमडलेल्या घडीच्या बाहेरच्या अंगाला रबर सतत ताणलेलं असतं, आणि ओझोनला ताणलेलं रबरच लागतं. सैल रबरावर त्यानं नुसती भुरकट परत येते. ताणलेल्यावर ताणाच्या आडव्या दिशेनं चिरा पडतात आणि चीर उघडली की आतलं ताजं रबर त्याच्या तोंडी जातं. जुन्या कागदांच्या गठ्ठ्याला लावलेलं रबरबँड बघा, ते घडीवरच तुटतं. प्रयोगशाळेतही ओझोनची चाचणी घेताना रबर मुद्दाम ताणूनच ठेवतात.

मेणाचा लेप इथे कामाचा नसतो, कारण घडी हलली की तो फुटतो.

एक जुना इलाज मला करून बघायचा होता. टाइपरायटर दुरुस्त करणारे लोक कडक झालेल्या रबरी रुळाला गंधपुऱ्याचं तेल लावायचे. सांधेदुखीच्या बामला जो वास येतो तो याचाच. त्यातलं मिथाइल सॅलिसिलेट रबरात शिरून त्याला मऊ करतं. अल्कोहोलमध्ये थोडं मिसळून एका आयकपला लावलं. खोलीभर बामचा वास. दुसऱ्या दिवशी आयकप खरंच मऊ, नव्यासारखा. तिसऱ्या दिवशी बघतो तर चिरांची तोंडं आधीपेक्षा रुंद. मऊ झालं म्हणजे फुगलं, फुगलं म्हणजे चीर ताणली. आठवड्यानं तेल उडून गेलं, रबर परत कडक, चिरा मात्र रुंदच. दुसऱ्या आयकपला मी हात लावला नाही. जिथे नुसता कडकपणा आहे, चीर नाही, अशा सपाट रुळाला हा इलाज ठीक असेल. घडीच्या आयकपला नाही.

नवे आयकप मिळवायचे तर दुर्बीण परदेशी पाठवा, सीमाशुल्काच्या भानगडी करा, असा मामला होता. काका म्हणाले, "ती आता हितनं हालणार न्हाई." मग सायकलची ट्यूब पुन्हा कामाला आली. ट्यूबा बहुतेक ब्यूटाइल रबराच्या असतात आणि त्यात दुहेरी बंध फारच थोडे, त्यामुळे ओझोनला तिथे खायला फारसं काही नसतं. जुने आयकप काढले, ट्यूबचे दोन आखूड तुकडे कापले, मुलतानी माती आणि शाम्पूनं आतून धुतले आणि नेत्रभिंगाच्या कड्यावर थोडे ताणून चढवले. कड दुमडायची गरजच नाही, कारण तुकडा चष्म्याला हवा तेवढाच आखूड ठेवला. दिसायला गावठी. पण चष्म्याच्या काचेला ओरखडा येत नाही आणि बाजूनं उजेड शिरत नाही.

फोकसच्या चाकाचं काही केलं नाही.

सगळ्याला तीन आठवडे गेले, त्यातले बरेचसे मातीची पुरचुंडी बांधून वाट बघण्यात. बाहेरचं रबर नीट झालं तरी आतल्या रबरी कड्यांचं वय तेवढंच आहे, ज्या पाणी अडवतात. त्या उघडून बघण्याइतकं माझं कौशल्य नाही, म्हणून काकांना सांगितलं की ती भर पावसात नेऊ नका. आणि पेटीत परत ठेवायची नाही, कुठल्याही फोमवर ठेवायची नाही, तेल नाही.

"तेल न्हाई?"

"नाही, काका."

"दिवाळीलाबी?"

पुढच्या ऑक्टोबरात कोल्हापूरला गेलो तेव्हा दुर्बीण बघितली. नळ्या कोरड्या होत्या, सगळ्या पावसाळ्यानंतरही. पांढरा भुरा पुढच्या भागात परत हळूच आला होता. बिजागरीच्या एका कोपऱ्यात बोट लावलं तर किंचित तेलकट लागलं. अजून आतून थोडं पाझरतंय, किंवा काकांनी दिवाळी आधीच साजरी केली असेल. मी विचारलं नाही, पुसून घेतलं. ट्यूबचे आयकप जागेवर होते. त्यांना पंक्चरवाल्याच्या दुकानाचा वास येतो अशी काकांची तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

पेटी त्यांनी टाकली नाही. आतला चिखल खरवडून, राखेनं घासून, आठ दिवस उन्हात ठेवून आता तिच्यात काकूंचे सुयादोरे असतात. दुर्बीण जुन्या धोतराच्या पिशवीत, सोप्यातल्या खुंटीला.